कॅसेटमध्ये न मावलेली चार मिनिटं

त्या अल्बमचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच फोन काढून शोधाल, आणि शोधल्यानं काय होतं ते मी भोगून बसले आहे.

एवढं सांगते, की तो इंग्लंडमधल्या चार पोरांचा आहे. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालचा, पंक रॉक. अकरा गाणी, चौतीस मिनिटं. जाणकार मंडळी आता त्याला अभिजात वगैरे म्हणतात. पोरांना धड वाजवता येत नव्हतं. गिटारवाल्याला तीन कॉर्ड येत होते, ड्रमवाला दर गाण्यात इतरांच्या पुढे पळत होता आणि गाणाऱ्याला गाता येत नव्हतं. हे शेवटचं मी अधिकारानं सांगते. मी आठ वर्षं कोथरूडमध्ये गाणं शिकले, आणि आठव्या वर्षी बाईंनी आईला बोलावून सांगितलं, "रुपालीचा गळा तसा नाहीये हो. अभ्यासाकडे लक्ष देऊ द्या तिला." त्या दिवसापासून मी घरात गुणगुणणंसुद्धा बंद केलं. आमच्याकडे एखादी कला येत नसेल तर गप्प बसावं अशी रीत आहे. येत असेल तर आधी कुणाकडे शिकलात ते विचारतात. गाता येत नसलं की गप्प बसायचं असतं हे त्या इंग्रज पोराला मात्र कुणी शिकवलंच नव्हतं. तो ओरडत होता. बेसूर, मनापासून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, दुसऱ्यांदा रडू आलं, आणि मग आठवडाभर मी ती कॅसेट आनंदला परत दिलीच नाही.

आनंद म्हणजे आनंद वानखडे. वाशिमचा, इंजिनीअरिंगला माझ्या वर्गात, कॉलेजच्या होस्टेलवर राहणारा. शहाण्णव साल होतं. ती कॅसेट त्यानं कॅम्पातल्या बद्रीनाथकडून भरून घेतली होती. तेव्हा अशी दुकानं असायची. कोरी कॅसेट घेऊन जायची, मालक त्याच्याकडच्या रेकॉर्डवरून गाणी उतरवून द्यायचा. बद्रीनाथचा धर्म एकच, टेप वाया घालवायची नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. तिच्यात त्यानं चौतीस मिनिटांचा अल्बम कोंबला, त्यामुळे शेवटचं गाणं ऐन भरात असताना टक् करून तुटायचं. आणि दुसऱ्या बाजूला त्यानं न विचारता संतूर भरून दिलं होतं. आम्ही दोघं तक्रार घेऊन गेलो.

"शेवटची चार मिनिटं नाहीत यात," आनंद म्हणाला.

"चार मिनिटांनी काय बिघडतंय?" बद्रीनाथनं मानही वर केली नाही. "ओरडतोच आहे तो. पुढे काय भीमपलास गाणार होता?"

मूळ रेकॉर्ड कुणा गिऱ्हाइकाची होती आणि ते ती परत घेऊन गेलं होतं. विषय तिथंच संपला.

ते शेवटचं गाणं असं होतं. एका कामगाराला ऑफिसात बोलावलंय. पुढ्यात कागद ठेवलाय आणि सही कर म्हणतायत. पहिल्या कडव्यात साहेब दटावतो, तो ओरडतो, नो. दुसऱ्या कडव्यात बाप सांगतो, कर सही, तो ओरडतो, नो. तिसऱ्यात बायको समजावते, तो पुन्हा तोंड उघडतो, आणि त्या तिसऱ्या 'नो'च्या मधोमध टेप संपते. त्या इंग्रजी उच्चारांतलं एकेक वाक्य पकडायला आनंद कॅसेट शंभरदा मागेपुढे करायचा आणि वहीत उतरवून घ्यायचा. हळूहळू आम्ही धरूनच चाललो की गाणं तिथंच संपतं.

"नाही म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?" आनंद म्हणायचा. "संपलं ना गाणं."

मला त्या अल्बममधला संताप आवडायचा. मी जात्याच चिडकी, आणि चिडायची सोय नसलेल्या घरात वाढलेली. आनंदचं तसं नव्हतं. त्याला तो सही न करणारा माणूस आवडायचा. त्याचं कारण मला वाशिमला गेल्यावर कळलं. त्याचे वडील बापूराव पोस्टात होते. त्यांच्या घरी बुद्धाच्या मूर्तीशेजारी एक जुनं शाईचं पेन ठेवलेलं असायचं. बापूरावांनी पहिली सही केली ते. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे धोंडिबांनी, जन्मभर अंगठा दिला, आणि कशावर देतो आहोत हे त्यांना कधी कुणी वाचून दाखवलं नाही. म्हणून बापूरावांनी घरात नियम केला होता. प्रत्येक कागद दोनदा वाचायचा, खोटं लिहिलं असेल तर सही करायची नाही, आणि कागद महत्त्वाचा असेल तर दोन साक्षीदार घ्यायचे. आनंदच्या शाळेच्या सहलीच्या संमतीपत्रावरसुद्धा बापूरावांनी शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. आम्ही यावर पोट दुखेपर्यंत हसलो होतो, बापूरावांसकट.

तिसऱ्या वर्षी होस्टेलला पाणी येईना म्हणून पोरं कॉलेजच्या दारात बसली. मीही जाऊन बसले. मला पाण्याची ददात नव्हती, पण आम्ही तो अल्बम ऐकणारी माणसं होतो ना! प्राचार्यांनी माफीनामा छापून आणला. 'काही समाजकंटकांच्या चिथावणीला बळी पडून' असं त्यात होतं. आनंदनं दोनदा वाचला आणि म्हणाला, "मला कुणी चिथावलं नाही. पाणी नव्हतं." त्याचं एक सत्र बुडालं. मी सही केली आणि माझं सत्र वाचलं. त्यानं मला त्यावरून कधीही एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं असं मला अजूनही वाटतं.

पुढे मी एचआरमध्ये शिरले आणि आता खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत त्या खात्याची प्रमुख आहे. अकरा वर्षांपूर्वी आनंदला तिथं मीच आणलं. तो टेस्टिंग बघतो. म्हणजे लोकांनी बरोबर म्हणून दिलेल्या गोष्टीत काय चुकलंय ते शोधून काढतो. त्याच्याइतकं ते काम कुणाला जमत नाही, आणि त्यामुळे त्याच्याइतकं लोकांना नकोसंही दुसरं कुणी होत नाही.

त्याच सुमाराला कधीतरी तो अल्बम मला फोनवर सापडला, आख्खा, चौतीस मिनिटांचा. मी कोथरूडहून खराडीला निघाले होते, येरवड्याच्या पुढे गाड्या ठप्प होत्या. तिसरं 'नो' आलं आणि जिथं टक् व्हायचं तिथं झालं नाही. गाणं पुढे गेलं. ड्रम थांबले. एकटी गिटार राहिली. आणि तो पोरगा साध्या आवाजात, बँकेच्या खिडकीवर बोलावं तसा, पेन मागतो. कुठं करू, असं विचारतो. सही करतो. मग तारीख सांगतो आणि गाणं संपतं.

मागचे हॉर्न वाजवत होते. मी तशीच बसून होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी आनंदला सांगितलं, "गाणं पूर्ण मिळालंय."

त्यानं पोळीचा घास तसाच हातात धरला. "सांगू नको," तो म्हणाला. "मला आपल्या कॅसेटचाच शेवट बरा आहे."

"अरे, पण ऐक तरी."

"नको म्हटलं ना."

मी नाही सांगितलं. पण रोज गाडीत तो अल्बम लावायची मात्र मला सवयच लागली. जाताना चौतीस मिनिटं, येताना चौतीस मिनिटं. त्या वेळात मला वाटायचं की खरी मी ही अशी आहे, ऑफिसातली ती दुसरी कुणीतरी, नुसती पोटासाठी. अकरा वर्षं हे औषध मी न चुकता घेतलं. गुण आला नाही, सवय लागली.

यंदा मार्चमध्ये यादी आली. अकरा नावं. सातवं आनंदचं.

आमच्यात कुणाला काढत नाहीत. आमच्यात माणूस राजीनामा देतो. त्याला बोलावायचं, पाण्याचा ग्लास पुढे करायचा, आणि त्यानं स्वतःच्या मेलवरून, स्वेच्छेनं, वैयक्तिक कारणासाठी नोकरी सोडत असल्याचं कळवायचं. मजकूर आम्ही देतो. संध्याकाळी पाचच्या आत पाठवलं तर अनुभवाचं पत्र चांगलं मिळतं. नाहीतर कंपनी काढून टाकते, आणि तो शिक्का घेऊन पन्नाशीच्या माणसाला या शहरात दुसरं कुणी दारात उभं करत नाही. ही पद्धत मी घातलेली नाही. पण ती माझ्याइतकी सफाईनं कुणी करत नाही हेही खरं आहे.

चेतन आमचा बिझनेस हेड, चौतीस वर्षांचा. "रुपाली मॅम, आनंद तुमचा फ्रेंड आहे ना?" तो म्हणाला. "मग ते तुम्हीच हँडल करा. स्मूथ होईल."

आमच्या मीटिंगच्या खोल्यांना किल्ल्यांची नावं आहेत. ही बोलणी 'सिंहगड'मध्ये होतात, कारण तिला काच नाही आणि टिश्यूचा डबा कायम भरलेला असतो. गुरुवारी दुपारी तीन वाजता आनंद आत आला, डब्याकडे बघितलं आणि खुर्चीत बसला.

"रडायचं कुणी? मी का तू?" त्यानं विचारलं.

मी नेहमीचं सगळं बोलले. बाजार, एआय, वरून आलेला निर्णय. 'आपण' हा शब्द मी किती वेळा वापरला असेन देव जाणे. त्यानं मजकुराचा कागद ओढून घेतला आणि दोनदा वाचला. मी वाट बघत राहिले. तो दोनदा वाचणार हे मला माहीतच होतं.

"वैयक्तिक कारण कोणतं?" तो म्हणाला.

"असं लिहायची पद्धत असते, आनंद."

"नाही, पण कोणतं? पोरगी बारावीला आहे. ती विचारेल, बाबा, काहून सोडली नोकरी? तिला सांगायला तरी कळू दे मला."

"तिच्यासाठीच म्हणतेय. राजीनामा दिलास तर दोन महिन्यांत दुसरीकडे लागशील. मी स्वतः फोन करीन चार ठिकाणी."

"मग तुम्ही काढा ना मला. काढलं असं लिहून द्या. मी घेतो ते. भांडणार नाही, कोर्टात जाणार नाही. पण मी सोडली, माझ्या इच्छेनं सोडली, हे मी लिहायचं? हे खोटं आहे, रुपाली."

"एवढंसं खोटं आहे. सगळे लिहितात."

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी."

साडेतीन झाले, चार वाजत आले. चेतनचा मेसेज आला, 'स्टेटस?' मी समजावलं, चिडले, परत समजावलं. मला त्याचा राग यायला लागला होता, आणि तो राग खरा होता हेच वाईट. हा माणूस पाण्याच्या वेळीही असाच बसला होता. याला हे परवडतं आणि मला परवडत नाही, असं काहीतरी माझ्या मनात आलं, आणि ते धडधडीत खोटं होतं. परवडत त्यालाच नव्हतं.

आणि मग मी ते केलं.

"तो सही करतो, आनंद," मी म्हणाले.

"कोण?"

"गाण्यातला. शेवटच्या चार मिनिटांत. तिसऱ्या 'नो'नंतर ड्रम थांबतात आणि तो पेन मागतो. कुठं करू, विचारतो. करतो सही. तारीखही सांगतो. तुझं गाणं बद्रीनाथनं तोडलंय. तसा माणूस कुणी नव्हताच."

बोलून झालं आणि मला स्वतःची किळस आली. एका माणसानं तीस वर्षं जपून ठेवलेली गोष्ट मी कामाला लावली होती, तीही पाचच्या आत मेल यावी म्हणून.

आनंदनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. आता हा मेल पाठवणार, हे मला नोकरीच्या अनुभवावरून कळलं. माणूस चष्मा पुसतो तेव्हा आतून मोडलेला असतो.

"कोणत्या आवाजात?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"ओरडून करतो का साध्या?"

"साध्या."

"हं." तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "पण केली, असं त्यानं सांगितलं ना? रेकॉर्ड काढून साऱ्या जगाले सांगितलं. लपवलं नाही." रागावला की त्याची वाशिमची बोली वर येते, तशी ती आली. "सही कोणीही करेल. पोट आहे. पण बळजबरीनं केली हे सांगायची सोय पाहिजे की नाही? तुझ्या कागदात ती कुठं आहे?"

त्यानं तोच छापील कागद उलटा केला, खिशातलं पेन काढलं आणि कोऱ्या बाजूवर मराठीत लिहायला लागला, पोस्टाच्या अर्जासारखं, डावीकडे समास सोडून. लिहून माझ्याकडे सरकवला.

'मी, आनंद बापूराव वानखडे, आज दुपारी तीन वाजता मला राजीनामा देण्यास सांगण्यात आल्यावरून राजीनामा देत आहे. माझी तशी इच्छा नाही. कोणतेही वैयक्तिक कारण नाही.' खाली त्याची सही, तारीख. त्याच्याखाली दोन ओळी आखलेल्या. साक्षीदार एक. साक्षीदार दोन.

"घे," तो म्हणाला. "दिला राजीनामा. स्कॅन करून पाठवतो आत्ता मेलवर. पाचच्या आत. फक्त त्या पहिल्या ओळीवर तू सही कर."

"मी?"

"तुझ्यासमोर झालं ना? तेवढंच. माझी बाजू घे म्हणत नाही मी. जे झालं ते झालं, एवढ्यावर सही. दुसरी ओळ रिकामी राहिली तरी चालेल. बाबा रागावतील, पण चालेल."

तो हसला. खरंच हसला. पेन त्यानं माझ्याकडे धरलं होतं, टोपण काढून.

मी कागद वाचला. दोनदा वाचला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यावर माझी सही पडली असती तर कंपनीची ही सगळी पद्धत माझ्याच हस्ताक्षरात उघडी पडली असती, आणि पुढच्या यादीत पहिलं नाव माझं आलं असतं. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. कोथरूडला आई अंथरुणावर आहे, तिच्याजवळ दिवसभर गोदाबाई नावाची बाई ठेवलेली आहे. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, पण नंतर. आधी आला तो शब्दच.

"नाही," मी म्हणाले.

ओरडून नाही. साध्या आवाजात.

आनंदनं पेनाचं टोपण लावलं. कागदाची चौघडी करून वरच्या खिशात ठेवली. "बरं," तो म्हणाला. "मग हा राजीनामा नाही. तुम्ही काढा." आणि जाता जाता टिश्यूचा डबा त्यानं माझ्या बाजूला सरकवला. टोमणा नव्हता तो. मला लागतील असं त्याला वाटलं होतं.

शुक्रवारी पत्र तयार झालं. 'सेवा समाप्त करण्यात येत आहे,' दोन ओळींचं. असल्या पत्रावर खातेप्रमुखाची शाईची सही लागते. मी केली. रिसेप्शनवर आनंद लॅपटॉप जमा करून उभा होता, तिथं मी स्वतः नेऊन दिलं. त्यानं दोनदा वाचलं, पोहोच म्हणून माझ्या प्रतीवर सही केली, तारीख घातली.

"हे बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. "आता ती चार मिनिटं पाठव मला. ऐकून टाकतो."

मी हो म्हणाले.

याला चार महिने झाले. आनंद अजून घरी आहे. मी केलेल्या चार फोनांचा काही उपयोग झाला नाही. पत्रावरचा शिक्का सगळीकडे आधी पोहोचतो. गाणं मी पाठवलेलं नाही. पाठवायचं म्हणजे आधी फोनवर शोधायला हवं, आणि ते नाव दिसलं की माझं बोट पुढे जात नाही. गाडीत आता मी काहीच लावत नाही. येरवड्याच्या पुढे गाड्या ठप्प होतात आणि मी हॉर्न ऐकत बसते.

माफीनाम्यापासून आनंदच्या पत्रापर्यंत पुढ्यात आलेल्या प्रत्येक कागदावर मी सही केली. सगळ्या आयुष्यात नाही म्हणाले ते एकदाच, आणि तेही खऱ्या कागदाला.